सप्ताहाच्या मांडवातला छोटा मिक्सर

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस मांडवातला माईक जवळजवळ थंड होत नाही. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारचं प्रवचन, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन आणि अखेरीस काल्याचं कीर्तन. एकाच मांडवात, एकाच साउंडवर इतके वेगवेगळे कार्यक्रम होतात. भाड्याच्या साउंडवाल्याची वाट पाहण्यापेक्षा आपलाच छोटा मिक्सर घ्यावा, असं आता बऱ्याच भजनी मंडळांना वाटतं. मिक्सर येतो, पेटीवर किंवा टेबलावर मांडला जातो, गावातला एखादा हौशी मुलगा त्यावर बसतो. आणि पहिल्याच कीर्तनात शिट्टी वाजते, टाळांच्या गजरात महाराजांचा शब्द बुडतो, मागे बसलेल्या बायकांपर्यंत नुसता घुमारा पोहोचतो. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. त्याची मांडणी चुकलेली असते, आणि ती सुधारायला फार मोठं शास्त्र लागत नाही.

वारकरी कीर्तनाचा जीव शब्दात आहे. अभंगाचा चरण, त्यावरचं निरूपण, मध्येच सांगितलेला दृष्टांत हे सगळं शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. मिक्सरवर बसणाऱ्याने ही एकच गोष्ट मनाशी धरली, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात.

आधी यंत्राची ओळख. छोट्या मिक्सरच्या नावातला आकडा पाहून माईकची संख्या ठरवू नये. यामाहाच्या एमजी १०एक्सयू या मॉडेलच्या नावात दहा असले, तरी त्याला माईक चारच लागतात. बाकीच्या जागा कीबोर्ड, मोबाइल, लॅपटॉप यांच्यासाठी आहेत. बेहरिंगरच्या झेनिक्स ८०२ ला दोन माईक लागतात, १२०२ ला चार. दुकानात विचारायचा प्रश्न म्हणून एवढाच: "यात कॅननचे, म्हणजे तीन पिनांचे, माईक किती लागतात?" कीर्तनाला चार पुरतात, आणि खरं तर चारपेक्षा जास्त नसलेलेच बरे.

हे चार कुठले? पहिला महाराजांचा, दुसरा चाल म्हणणाऱ्या गायकांचा, तिसरा मृदंगाचा, चौथा पेटीचा. टाळकऱ्यांना माईक द्यायचा नाही. दहा-वीस टाळ एकत्र वाजतात तेव्हा त्यांचा आवाज मांडव ओलांडून जातो. त्यांना यंत्राची मदत नको असते. शिवाय उघडा असलेला प्रत्येक माईक शिट्टीला एक नवी वाट करून देतो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी न येता जितका आवाज वाढवता येतो त्यात साधारण ३ डेसिबलची घट होते. म्हणून पारायणाच्या वेळी व्यासपीठ चालकाचा एक माईक चालू, बाकीचे बंद. हरिपाठाला दोन. कीर्तनालाच चारही. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला कोणता माईक बंद करता येईल, हे आधी पाहावं.

महाराजांच्या माईकवर मात्र जरा थांबून विचार करायला हवा, कारण सगळी गोम तिथेच आहे. कीर्तनात महाराज पुढे उभे, टाळकरी त्यांच्या मागे. महाराजांच्या तोंडाकडे वळवलेला माईक त्याच वेळी मागच्या टाळकऱ्यांकडेही वळलेला असतो. एका दिशेने ऐकणारा माईक मागच्या बाजूचा आवाज कमी घेतो हे खरं, पण इथे टाळ त्याच्या समोरच आहेत. मिक्सरवर कितीही बटणं फिरवली तरी टाळ आणि शब्द वेगळे होत नाहीत, कारण दोन्ही एकाच माईकमधून एकत्र आत आलेले असतात.

यावर एकच उपाय आहे: अंतर कमी करणं. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं, की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणलं तर ६, आणि १५ वर आणलं तर १२. मागचे टाळ त्या मानाने दूर असल्यामुळे त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे काहीही खर्च न करता शब्द टाळांच्या वर येतो. महाराज एका जागी उभे राहून बोलणारे असतील, तर स्टँडवरचा माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. फिरत, वळत, नाचत कीर्तन करणारे असतील, तर कानाला अडकवायचा हेडसेट माईक सगळ्यात उत्तम, कारण मान वळली तरी अंतर बदलत नाही. उपरण्याला लावायचा कॉलर माईक दिसायला नीटनेटका, पण तो छातीवर असतो, बहुधा चारही दिशांचा आवाज घेतो आणि टाळांच्या गजरात हमखास कमी पडतो. प्रवचनाला तो चालेल. कीर्तनाला तो टाळावा. वायरलेस असेल तर कीर्तनाआधी नवे सेल घालावेत, कालचे अर्धे उरलेले चालवू नयेत.

माईकची जाळी मुठीत धरायची सवय अनेक गायकांना असते. तसं केलं की जाळीच्या मागच्या बाजूने जाणारी हवेची वाट बंद होते, माईक सगळ्या दिशांचं ऐकू लागतो आणि शिट्टी येते. गायकांना हे एकदा प्रेमाने सांगून ठेवावं. दांडी धरा, जाळी मोकळी सोडा.

मृदंगाला एकच माईक असेल तर तो समोर, साधारण एक फुटावर, धुमेच्या बाजूला किंचित झुकता ठेवावा. शाईच्या बाजूचा टणक बोल असाही लांब जातो. कणीक लावलेल्या धुमेचा भरदार आवाज मात्र स्पीकरमधून द्यावा लागतो. पेटीचा माईक भात्याच्या मागे ठेवला तर भात्याची हवा आणि खडखड आत येते. तो स्वरपट्ट्यांच्या वर, थोडा पुढून, वीत-दीड वीत उंचीवर धरला की सुरांचा समतोल चांगला मिळतो. पेटी आणि मृदंग शेजारी असतील, तर दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असावं. नाहीतर एकच आवाज दोन्ही माईकमधून किंचित पुढे-मागे येतो आणि पोकळ ऐकू येतो.

आता वायरी. माईकसाठी दोन्ही टोकांना तीन पिनांचा कॅनन असलेली वायर वापरावी. तिच्यातल्या दोन तारांवर एकच आवाज उलटसुलट रूपात जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली गुणगुण मिक्सरमध्ये आपोआप वजा होते. एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ जॅक असलेली साधी वायर स्वस्त पडते, पण मांडवातल्या वीस-पंचवीस मीटरच्या अंतराला ती गुणगुण घेऊन येते. आवाजाची वायर विजेच्या वायरीला चिकटून लांबवर नेऊ नये. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

मिक्सरमधून अॅम्प्लिफायरकडे जाताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो. अहुजासारख्या अॅम्प्लिफायरला माईकसाठी वेगळ्या आणि ऑक्स किंवा लाइनसाठी वेगळ्या जागा असतात. मिक्सरचं आउटपुट लाइन किंवा ऑक्समध्येच जोडायचं. माईकमधून येणारा वीजदाब काही हजारांश व्होल्टचा असतो, मिक्सरमधून बाहेर पडणारा साधारण व्होल्टभर. माईकच्या जागेत तो घातला की आवाज पहिल्यापासून फाटका येतो. मग लोक स्पीकरला दोष देतात. दुसरी गोष्ट, मिक्सरला डावं आणि उजवं अशी दोन आउटपुट असतात. मांडवात एकच अॅम्प्लिफायर असेल आणि डाव्या आउटपुटचीच वायर जोडली असेल, तर पॅनचं (आवाज डावी-उजवीकडे वळवणारं) बटण उजवीकडे फिरलेल्या माईकचा आवाज गायब होतो. सगळे पॅन मधोमध ठेवावेत. मांडवात डावं-उजवं वेगळं ऐकवण्याची गरज नसते. कडेला बसलेल्यालाही सगळंच ऐकू यायला हवं.

वीज जोडताना मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्यावेत. वेगवेगळ्या टोकांहून वीज घेतली की अर्थिंगच्या वळशातून ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. झगमगत्या माळांची वीज निराळ्या बोर्डावरून द्यावी. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो जिवाशी खेळ आहे. ओल्या मांडवात, अनवाणी उभ्या माणसाच्या हातात धातूचा माईक असतो, हे विसरू नये. बोर्डाच्या आधी ३० मिलिअॅम्पिअरला वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. त्याचा खर्च मंडळाने बिनतक्रार करावा.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अॅम्प्लिफायर. क्रम उलटा झाला की स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो आणि एखाद्या दिवशी त्याचा कोन उडतो.

इथून पुढे खरी जुळवणी. प्रत्येक माईकला दोन बटणं असतात, वरचं गेन आणि खालचं लेव्हल; काही मिक्सरवर लेव्हलच्या जागी सरकता फेडर असतो. दोन्ही आवाज वाढवतात असं वाटतं, म्हणून नवशिका दोन्ही फिरवत राहतो. त्यांची कामं वेगळी आहेत. माईकमधून येणारा बारीक आवाज मिक्सरला पेलेल इतका मोठा करणं हे गेनचं काम, आणि ते कार्यक्रमाआधी एकदा ठरवून सोडून द्यायचं. कार्यक्रम चालू असताना हात फक्त लेव्हलवर.

गेन ठरवायची रीत अशी. सगळे लेव्हल खाली, मुख्य आउटपुट खाली. एका माईकची लेव्हल शून्याच्या खुणेवर आणावी, मुख्य आउटपुटही त्याच खुणेवर आणावं, अॅम्प्लिफायर मात्र बंदच असू द्यावा. मग समोरच्याला बोलायला सांगावं. इथे एक महत्त्वाची गोष्ट: "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" यावर गेन ठरवू नये. तो आवाज कीर्तनातल्या आवाजाच्या जवळपासही नसतो. गायकांना पूर्ण गळ्याने चाल म्हणायला सांगावी, मृदंगाला जोरकस बोल वाजवायला सांगावा, 'रामकृष्णहरी'चा गजर जितका चढेल तितका चढू द्यावा. त्या वेळी पीकचा लाल दिवा जेमतेम लुकलुकला, तर गेन थोडं मागे घ्यावं. नेहमीच्या आवाजाला मीटर शून्याच्या आसपास खेळलं पाहिजे. मग त्या माईकची लेव्हल खाली घेऊन पुढचा माईक. चारही झाले की मिक्सर तसाच ठेवून अॅम्प्लिफायर त्याच्या सर्वांत खालच्या खुणेवर चालू करावा आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेत ऐकू येईपर्यंत हळूहळू चढवावा. त्या रांगेत एक माणूस उभा करावा. मिक्सरजवळ बसून मागचं कधीच कळत नाही.

गेनशेजारी ८० हर्ट्झ किंवा १०० हर्ट्झ लिहिलेलं छोटं बटण बहुधा असतं. महाराज, गायक आणि पेटी या तिन्ही माईकना ते दाबावं. वारा, पाटावरची धबधब, स्टँडला लागलेला पाय हे सगळं त्याखाली असतं, माणसाचा शब्द त्याच्या वर. मृदंगाला ते दाबू नये, धूम कोरडी होते. स्पीकर कर्ण्याचे असतील तर खालचे सूर त्यांतून येतच नाहीत. तिथे खालचं बटण वाढवून उपयोग नाही, अॅम्प्लिफायरवर फक्त भार पडतो.

वरचा, मधला आणि खालचा अशी तीन टोनची बटणं बहुतेक छोट्या मिक्सरवर असतात. यामाहाच्या एमजी मालिकेत ती १० हजार, अडीच हजार आणि १०० हर्ट्झवर काम करतात. ती मधोमध ठेवून सुरुवात करावी आणि काही खटकलं तर कमी करावं. शब्द घुमत असेल तर खालचं कमी. टाळांचा चरचरीतपणा महाराजांच्या माईकमधून शिरत असेल तर वरचं थोडं कमी. वाढवण्याचा मोह आवरावा, कारण वाढवलेला प्रत्येक सूर शिट्टीला जवळ आणतो.

शिट्टी येते ती स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा मोठा होतो म्हणून. यावरचे उपाय महत्त्वाच्या क्रमाने सांगायचे तर: स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे वळवून; बोलणाऱ्याचं तोंड माईकजवळ; नको ते माईक बंद; त्यानंतर टोन. कर्कश शिट्टीला मधलं बटण थोडं मागे घ्यावं, घुं-घुं करणाऱ्या आवाजाला खालचं. पहिल्या उपायात ढिलाई केली, तर बाकीच्यांनी ती भरून निघत नाही. जागेअभावी महाराजांच्या मागे बांधलेला कर्णा हा गावोगावच्या शिट्ट्यांचा मूळ धनी आहे. तो आधी हलवावा.

लांब मांडवात मध्येच दुसरा स्पीकर लावायची पद्धत आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पुढचा स्पीकर आणि मागचा स्पीकर यांच्यात ३५ मीटर अंतर असेल, तर मागच्या श्रोत्याला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी आणि पुढचा एक दशांश सेकंदाने नंतर ऐकू येतो, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा. छोट्या मिक्सरवर मागच्या स्पीकरला उशीर देण्याची सोय बहुधा नसते. म्हणून मागचा स्पीकर अगदी हळू ठेवावा, किंवा पुढचेच स्पीकर उंचावर बांधून मागच्या रांगेकडे वळवावेत.

आता इको. भजनी मंडळांना इको फार आवडतो, आणि मिक्सर निवडताना तेच बटण आधी फिरवून पाहिलं जातं. गाण्याला थोडा गोडवा येतो हे मान्य. पण निरूपण चालू असताना इको म्हणजे शब्दांवर शब्दांची रास. दगडी मंदिराच्या सभामंडपात तर भिंतीच पुरेसा घुमारा देतात. गायकांच्या माईकला चिमूटभर इको ठेवावा, महाराजांच्या माईकला अजिबात नाही. मांडव भरला की लोकांच्या कपड्यांत आवाज मुरतो आणि रिकाम्या मांडवात घुमणारा आवाज कोरडा होतो. म्हणून दुपारी रिकाम्या मांडवात ठरवलेला टोन रात्री पुन्हा ऐकून पाहावा, काल्याच्या दिवशी तर नक्कीच.

४८ व्होल्टचं बटण लागतं ते कंडेन्सर माईकला. शुअरचा १९६६ पासून विकला जाणारा एसएम ५८ किंवा त्यासारखा साधा डायनॅमिक माईक असेल तर ते बंदच असू द्यावं. बहुतेक छोट्या मिक्सरवर ते सगळ्या माईकना एकदमच लागू होतं. दाबायचंच असेल तर आधी सगळे लेव्हल खाली घ्यावेत. कॉम्प्रेसरचं बटण असेल तर महाराजांच्या माईकला थोडंसं फिरवावं, त्याने हळू बोललेलं आणि ओरडून म्हटलेलं यांतलं अंतर कमी होतं. जास्त फिरवलं तर शांततेत मागचा गोंगाट वर येतो आणि शिट्टीही.

कीर्तनाचं चित्रण मोबाइलवरून गावाबाहेरच्या नातेवाइकांपर्यंत जातं. पुण्या-मुंबईतली मुलंच नव्हे, परदेशातलेही घरच्या सप्ताहाचं कीर्तन ऐकतात. मिक्सरला यूएसबी असेल तर मोबाइलशी किंवा लॅपटॉपशी थेट जोडता येतो. मात्र एक अडचण लक्षात घ्यावी. टाळांना माईक नाही, त्यामुळे मिक्सरमधून गेलेल्या ध्वनिमुद्रणात टाळ जेमतेम ऐकू येतात आणि गजर उघडाबोडका वाटतो. मांडवाच्या मध्यावर ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलवर सगळा आवाज वेगळा मुद्रित करावा आणि नंतर दोन्ही एकत्र करावेत. थेट प्रक्षेपण असेल तर मोबाइलचा स्वतःचा माईकच अनेकदा अधिक खरा ऐकू येतो.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते पहाटे ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मर्यादा मध्यरात्री १२ पर्यंत शिथिल करू शकतं. पहाटेला तशी सवलत नाही. म्हणजे पहाटेचा काकडा ध्वनिक्षेपकाविना, मोकळ्या गळ्याने म्हणावा, जसा तो पूर्वापार म्हटला गेला आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५; रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू आलं की आवाज पुरेसा आहे. शेजारच्या गावाला ऐकवण्याची जबाबदारी मंडळावर नाही.

जुळवणी बसली की प्रत्येक बटणाच्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीवर खूण करावी, वर "महाराज", "गायक", "मृदंग", "पेटी" लिहावं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी कोणी बटणं फिरवली तरी पाच मिनिटांत पूर्ववत करता येतं. सात दिवस एकाच माणसाने मिक्सर सांभाळावा, त्याच्या हाताखाली एक शिकाऊ असावा. कीर्तन चालू असताना विश्वस्तांपैकी कोणीही येऊन "आवाज वाढव" म्हणू नये, हे बैठकीतच ठरवून टाकावं.

नव्याने साउंड घ्यायला निघालेल्या मंडळांनी पैशांचा क्रम असा ठेवावा: आधी महाराजांसाठी एक उत्तम माईक, मग कॅननच्या चांगल्या वायरी आणि भक्कम स्टँड, मग विजेची सुरक्षा, आणि उरलेल्यात चार माईकचा साधा मिक्सर. सोळा चॅनलचा मिक्सर घेऊन त्याला स्वस्त माईक लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं ऐकू येईल.